स्मरणार्थ दिलेला खेळ

वर्षश्राद्धाला वाटलेली वस्तू घरोघर जाऊन परत मागणारा माणूस तुम्ही कधी बघितलाय? नसेल बघितला. तो मी. पूर्वी शहापुरात मला मागावर बसणारा म्हणून ओळखायचे. आता ह्यासाठी ओळखतात. पहिलं बरं होतं.

दिवाळी अंकवाले म्हणाले, कामातले अनुभव लिहा. मी म्हणालो, माझ्या कामात मी फजितीच केलीय. ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहितोय. विजूनं, म्हणजे माझ्या पोरीनं, शुद्धलेखन तेवढं बघितलंय. बाकी वाकडंतिकडं सगळं माझं.

मी चौथी पास. हातपाय मागावर चालत होते तोवर डोकं चालवायची गरज पडली न्हाय. मग साड्या बाहेरून स्वस्तात यायला लागल्या, माग भंगारात गेला, आणि ज्या सोप्यात माग होता तिथं विजूनं दोन टेबलं टाकून कंप्यूटर मांडले. बेंगळुरूची नोकरी सोडून आली. बरोबर गिरीश म्हणून गोकाककडचा पोरगा. तो चित्रं काढतो, ती खेळ चालवते. चालवते म्हणजे जुगार न्हवे. हे मला दर लग्नात सांगावं लागतं. आमच्या बेळगुंदीच्या भावकीत अजून म्हणतात, "पोरगी रमी चालवतीया म्हणं?" रमी न्हाय. गोष्टीसारखा खेळ असतो. एक माणूस घरात बसून खेळतो, गोष्ट संपली की खेळ संपला. पैसे लावायचे न्हाईत, हरायचं जिंकायचं पण फारसं न्हाय.

मोठ्या कंपन्या असे खेळ शेकडो माणसं लावून करतात. विजूसारखे लोक दोघं-तिघं मिळून घरात करतात, आणि विकायला कंप्यूटरातल्याच दुकानात ठेवतात. त्या दुकानांत पण दोन जाती. बहुतेक दुकानं खेळ विकतात पण कुलूप स्वतःकडं ठेवतात. तुम्ही पैसे मोजले तरी दुकान म्हणेल तेव्हाच खेळ उघडणार. उद्या दुकान बंद पडलं तर तुमचा खेळ पण गेला. विजू ज्या दुकानात ठेवते ते कुलूप लावत न्हाय. एकदा घेतलं की तुमचं. साडीसारखं. नेसा, बहिणीला द्या, फाटली तर वाकळ शिवा, दुकानदार विचारायला येत न्हाय. आणि ते दुकान आलेला सगळा माल घेत न्हाय. तिथली माणसं स्वतः खेळून बघतात, आवडला तरच फळीवर ठेवतात. विजूचे दोन खेळ त्यांनी परत पाठवलेत. तिसरा घेतला.

तो तिसरा खेळ पाण्याच्या टँकरचा होता. गल्लीत टँकर यायचा, तुम्ही घागर घेऊन नंबर धरायचा. नुसती घागर ठेवून घरी गेलात तरी नंबर तुमचाच, हे आपल्याला सांगायला लागत न्हाय. पण परदेशातल्या गिऱ्हाइकांनी पत्रं लिहून विजूला भंडावून सोडलं. एकानं विचारलं, माणूस नसताना भांडं रांगेत कसं उभं राहतं, ही चूक आहे का? एकीनं लिहिलं, मी माझ्या भावाला हा खेळ असाच दिला, कुलूप न्हवतं म्हणून. पण मग मला झोप लागेना, म्हणून त्याच्या नावानं परत विकत घेतलाय. हे ऐकून माझी बायको शेवंता म्हणाली, "बग, तिकडंबी माणसं हाईत."

माझं काम काय? मोडून बघायचं. खेळ तयार झाला की मी तो खेळतो. भिंतीत शिरून बघायचं, नको ते बटण दाबायचं, जिथं अडकेल तिथं विजूला हाक मारायची. खेळणारा माझ्यासारखा अडाणी असला तर काय होईल हे माझ्यावरून कळतं, म्हणून मला ठेवलाय. ह्यात हुशारी काय न्हाय. गाढव पुलावरनं गेलं तर माणसं पण जातील, तसलं ते काम.

नंतर चौथा खेळ आला. मागाचा. आमच्याच घराचा म्हटला तरी चालेल. एक पोरगी दिवसभर गल्लीगल्लीतून मोडक्या मागाचे सुटे भाग गोळा करून आणते, आणि दिवस मावळला की घरी येते. घरात आई असते, मागावर बाप असतो. त्या आईचा आवाज शेवंतानं दिला. सोप्यात चारी बाजूंनी वाकळा टांगल्या, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येऊ नये म्हणून, आणि त्या वाकळांच्या मधी शेवंता पाटावर बसून बोलायची. विजू सांगायची, "आई, एवढंच म्हण." शेवंता म्हणायची, "एवढंच कसं म्हणू? पोरगी दिसभर हिंडून आल्यावर कोण एवढंच बोलतंय?"

मी तो खेळ बरेच महिने खेळलो. आता एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. खेळात कुणी बोलायला लागलं की एक बटण असतं. ते दाबलं की बोलणं तुटतं आणि खेळ पुढं जातो. शेवंता बोलायला लागली की मी ते बटण दाबायचो. आत ती भांडी घासत असायची, इकडं खेळात पण तीच बोलायची. एकच बाई दोनदा कशाला ऐकायची, असा माझा हिशोब.

मग एका दुपारी शेवंता बसल्या जागी गेली. दुखणं न्हाय, खुपणं न्हाय. ताक घुसळताना गेली.

खेळ तसाच पडून राहिला. बऱ्याच महिन्यांनी विजूनं तो पुरा केला आणि दुकानाला दाखवला. दुकानातल्या बाईनं लिहिलं, आम्हाला आवडला, अमुक दिवशी फळीवर ठेवू, त्या दिवसापर्यंत कुठंही बाहेर जाऊ देऊ नका. विजूनं मला शेवटचा एकदा खेळून बघायला सांगितलं. मी खेळलो. आवाज बंद करून खेळलो. आता बटण दाबायचं कारण वेगळं होतं, पण दाबलं तेच. विजूनं विचारलं, "आप्पा, सगळं तपासलासा न्हवं?" मी म्हणालो, "व्हय."

दुकानाचा दिवस जवळ आला तसं शेवंताचं वर्षश्राद्ध पण आलं. आमच्यात वर्षाला आलेल्या घरांना भांडं देतात. ताट, तांब्या, डबा, काहीतरी. त्यावर नाव घालून. गणपत गल्लीत नाव घालून देणारे आहेत, मशीन फिरवून दोन मिनिटात अक्षरं पाडतात. मी विचार केला, ताटं तर सगळेच देतात. शेवंताचा आवाज असलेला खेळ आपल्याकडं आहे. कुलूप न्हाय. द्यायला हरकत कसली? स्टीलच्या अंगाचे पेन ड्राइव्ह आणले, ते विकणाऱ्याकडूनच सगळ्यांत माझ्याकडचा खेळ भरून घेतला, आणि नाव घालणाऱ्याकडं नेले. तो म्हणाला, "आप्पा, एवढ्याशा जागंत कसं बसवू?" मी म्हणालो, "नुसतं शेवंता घाल. कैलासवासी सगळ्यांना ठावं हाय." विजूला सांगितलं न्हाय. तिला एकदम दाखवून खूश करायचं होतं.

जेवणं उठली, मी प्रत्येक घराच्या हातात एक एक दिला. लई अभिमानानं दिला. विजू ताटं उचलत होती. तिनं शेजारच्या कमळाबाईच्या हातात ते बघितलं, घेतलं, नाव वाचलं. माझ्याकडं वळली.

"आप्पा, ह्याच्यात काय हाय?"

"खेळ. तुझ्या आईचा."

तिनं ताटं खाली ठेवली. ओट्यावर जाऊन बसली. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "मी दुकानाला शब्द दिलता."

"पण कुलूप न्हाय म्हणतीस की तूच. ज्याचं त्यानं कुणालाबी द्यावं."

"ज्यानं घेतलं त्यानं, आप्पा. आपण अजून विकलाच न्हाय. कुलूप न्हाय म्हणूनच शब्द पाळायचा असतोय. दुकानाकडं दुसरं काय हाय?"

मी चाळीस वर्षं सावकाराला शब्द देऊन साडी पोचती केलेला माणूस. हे मला पोरीनं सांगावं लागलं.

विजूनं दुकानाला खरं खरं लिहून टाकलं. गिरीश म्हणत होता, "यारिगू गोत्तागल्ल, विजया." कुणाला कळणार न्हाय, म्हणजे. ती म्हणाली, "मला कळलंय न्हवं." दुकानातल्या बाईनं उत्तर दिलं, जेवढे परत मिळतील तेवढे आणा, आणि काय झालं ते कळवा. मग ठरवू.

आणायचे कुणी? मीच वाटले, मीच आणायचे. रिकाम्या हातानं कसं मागणार, म्हणून ताटं विकत घेतली, त्यावर तेच नाव घातलं. बायकोच्या नावानं दिलेलं परत घ्यायला निघालो.

पहिलं घर शेजारच्या कमळाबाईचं. तिनं पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवलेला. वर हळदकुंकू, एक जास्वंद. मी विषय काढला तशी ती माझ्याकडं बघत राहिली.

"देवाजवळचं उचलू, आप्पा? आन शेवंताच्या नावाचं?"

"ताट आणलंय बदल्यात."

"तुमी ताट आणा न्हायतर परात आणा. लोक काय म्हणतील?" म्हणाली, पण दिला. ताट घेतलं न्हाय. माझ्या पाठीमागं तिनं सुनेला काय सांगितलं ते मला ऐकू आलं. ते इथं लिहीत न्हाय.

बेळगुंदीला चुलतभाऊ मारुती. तो ट्रॅक्टरवर होता. "त्यो होय? लावून बगितला की रं आप्पा. त्यात गाणं न्हाय, बजाणं न्हाय. पुसून भजनं भरलो." त्यानं ट्रॅक्टरातच लावून दाखवलं. शेवंताच्या नावाच्या वस्तूतनं मृदंग वाजायला लागला. एक घर तरी सुटलं म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं ह्याची लाज वाटली. मारुती हसत होता. "दिलेलं परत मागायला आलास व्हय? पोरीचं रमीचं काय बिनसलं काय?"

निपाणीला पुतण्या सुरेश. त्यानं मला चहा पाजला आणि मोठ्या कौतुकानं म्हणाला, "काका, लई भारी खेळ! मी आमच्या ग्रुपवर सगळ्यास्नी दिलो. कुलूप न्हवतंच की." मी विचारलं, किती जणांना? तो म्हणाला, "त्येनी पुढं कुणाकुणाला दिले काय ठाऊक?" त्याचा काय दोष? कुलूप न्हाय हे मीच त्याला श्राद्धाच्या पंगतीत सांगितलं होतं, छाती फुगवून. मी बाहेर येऊन विजूला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असू दे. तुम्ही जेवलासा काय?" मी म्हणालो, व्हय. जेवलो न्हवतो.

शेवटचं घर बोरगावचं. शेवंताची थोरली बहीण, आक्का. तिला आता डोळ्यांनी नीट दिसत न्हाय. आक्का मला कधीच भीत न्हवती. लग्नात पण तिनं मला सुनावलं होतं. मी ओसरीत बसलो, ताट पुढं केलं आणि सांगितलं काय झालं ते.

तिनं ताटावरनं हात फिरवला, नावावर बोट थांबवलं.

"पाव्हणं, ह्या ताटातनं काय ऐकू येतंय?"

मी ताट माझ्याकडं ओढलं.

"माझ्या बहिणीचा आवाज हाय त्येच्यात. त्यो मी देत न्हाय. तुमच्या दुकानाला सांगा, बोरगावची म्हातारी देत न्हाय म्हणून."

"आक्का, विजूचा शब्द जातोय."

"विजूला मी बोलतो. तुमी बसा." मग आत तोंड करून, "रेश्मा! लाव गं शेवंताला."

रेश्मा तिची नातसून. ती लॅपटॉप घेऊन आली, शेजारी बसली आणि खेळ सुरू केला. तिला सगळे रस्ते पाठ होते. आक्काला दिसत न्हाय म्हणून ती बाकी काही खेळत न्हाय, नुसती त्या पोरीला गल्लीतनं थेट घरापर्यंत आणते. दार उघडलं. मला उठून जायचं होतं, पण आक्कानं माझं मनगट धरलं होतं.

"आलीस? पाय धू जा. भाकरी झाल्यात. पण बसू नगं लगेच..."

आणि आवाज तुटला. एकदम. कात्रीनं दोरा कापल्यासारखा.

आक्का माझ्याकडं वळली. "हितंच. रोज हितंच तुटतंय. का बसू नगं? पुढं काय म्हणाली ती?"

मला माहीत न्हवतं.

"विजू म्हणाली, आप्पा सगळं तपासत्यात. तुमी ऐकला असशीला की."

रेश्मानं पण माझ्याकडं बघितलं. सांगा की, अशा नजरेनं. मी इतके महिने तो खेळ खेळलो. त्या दारातनं किती वेळा आत गेलो असेन. भिंतीत शिरून बघितलं, चुलीवर चढून बघितलं, मांजराला ढकलून बघितलं. आणि त्या घरातली बाई अर्ध्यातच गप्प होते हे बोरगावच्या आंधळ्या म्हातारीनं मला दाखवलं.

"न्हाय ऐकलो, आक्का," मी म्हणालो.

तिनं मनगट सोडलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन विजूला सांगितलं. तिनं जुनं रेकॉर्ड शोधलं. ती पण शेवंता गेल्यापासून ते ऐकत न्हवती. "मला ऐकवत न्हवतं, आप्पा. तुम्ही ऐकालाईसा म्हणून मी निवांत हुते." मग तिनं मला चूक कशी झाली ते समजावलं. खेळात कुणी बोलतं तेव्हा यंत्र लिहिलेल्या शब्दांएवढाच वेळ देतं. विजूनं लिहिलं होतं फक्त, पाय धू जा, भाकरी झाल्यात. पुढचं शेवंता आपल्या मनानं बोलली होती. यंत्रानं ते जास्तीचं कापलं. ज्याचं काम होतं ऐकायचं, तो बटण दाबत बसला.

"पुढं काय हाय?" मी विचारलं.

"ऐकणार?"

"आत्ता न्हाय. बोरगावला."

आधी दुकानाचं सांगतो. विजूनं सगळं कळवलं. इतके परत आले, एक पुसला गेला, एक म्हातारी देत न्हाय, एक कुठंकुठं पोचला ते सांगता येत न्हाय, शिवाय खेळात चूक निघाली. दुकानातल्या बाईनं रागावून लिहिलं न्हाय. आमचा दिवस तेवढा दुसऱ्या कुणाच्या खेळाला दिला. आमचा खेळ नंतर, कुणाचं लक्ष नसताना, फळीवर गेला. थोडाफार खपला. गिरीशनं दुसरीकडं नोकरी धरली, आता रविवारी येतो. विजूनं मला एका शब्दानं बोल लावला न्हाय. मी अजून मोडून बघायचं काम करतो, पण आता ती माझ्यानंतर स्वतः एकदा खेळते. मी दिसत न्हाय असं बघून खेळते. मला दिसतं.

पत्रं अजून येतात. कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं लिहिलं होतं, त्या आईला सांगा, मी जेवलोय, तिनं काळजी करू नये. विजूनं वाचून दाखवलं आणि विचारलं, काय उत्तर देऊ? 

चूक दुरुस्त झाली तसा मी नवा खेळ घेऊन बोरगावला गेलो. ह्यावेळी ताट न्हाय, काही न्हाय. आक्का ओसरीतच होती. रेश्मानं खेळ बदलला, पोरीला गल्लीतनं आणलं, दार उघडलं. माझा हात मांडीवर होता, आणि अंगठा आपोआप खाली दाबला गेला. बटण न्हवतं तिथं. मी हात पाठीमागं नेला.

"आलीस? पाय धू जा. भाकरी झाल्यात. पण बसू नगं लगेच. आधी तुझ्या आप्पास्नी हाक मार. भूक लागली तरी सांगत न्हाईत त्येनी. लगीन झाल्यापास्नं बगतोय, तोंडानं म्हणून कधी मागितलं न्हाईत. येडं हाय ते."

मागून रेकॉर्डातच विजूचं हसू आलं, वाकळांमुळं दबलेलं. शेवंता पण हसली. मग तुटलं, पण आता तुटायच्या जागी तुटलं.

रेश्मानं पदर तोंडाला लावला होता. आक्कानं तिला लॅपटॉप मिटायला लावला. मग अंदाजानं माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली,

"पाव्हणं, शहापुरास्नं आलासा. काय खाल्लासा का न्हाय?"

खाल्लंय, असं माझ्या तोंडात आलं होतं. आयुष्यभर तेच येतं.

"न्हाय आक्का," मी म्हणालो. "भूक लागलीया."